मागे जागा सोडलेली टोपी

८ नोव्हेंबर

ठमे,

एकच काम आहे म्हणून लिहितोय. तुझ्या डोक्याचा घेर कळव. शिंप्याची फीत भुवयांच्या जरा वर धरायची, कानांच्या वरच्या टोकाला टेकवून मागे न्यायची आणि पुढे आणून जिथे मिळेल तो आकडा लिहायचा. ताणायची नाही, सैल सोडायची नाही. माप दोनदा घे. कार्डावर नुसता आकडा लिहून टाकलास तरी पुरे, मजकूर नको.

हे काम तुझ्या आईमार्फत झालं असतं. दर रविवारी ती तुझ्याशी फोनवर बोलते तेव्हा मी त्याच खोलीत पेपर घेऊन बसलेला असतो. तुला हे माहीत असणारच, कारण ती मुद्दाम मोठ्याने म्हणते, "इथेच आहेत, पान उलटायचं विसरलेत." मी तिला म्हटलं, एवढं एक माप विचारून घे. तर म्हणाली, मी काही पोस्टमन नाही, मुलगी तुमची आहे, तुमचं तुम्ही बघा. ती माझा फोन उचलत नाही त्याला मी काय करू, असं म्हटल्यावर तिने मिक्सर लावला. मिक्सर चालू असताना तिच्याशी वाद घालता येत नाही, हे तुला सांगायला नको.

टोपी विणतोय. हसायचं असेल तर हसून घे. उन्हाळ्यापासून उजव्या हाताची बोटं सकाळी उठल्यावर आखडायला लागली. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा, नाहीतर लेथचं चाक धरता येणार नाही. रबरी चेंडू दाबून दाबून वैताग आला. चौकापलीकडे लोकरीचं दुकान आहे, तिथल्या बाई शनिवारी दुपारी विणकाम शिकवतात, तिथे जायला लागलो. आतापर्यंत एक मफलर झाला. तो तुझ्या आईने इस्त्रीच्या टेबलावर अंथरलाय.

आता टोपी. तुझ्याकडे थंडी भयंकर असते असं आईच्या बोलण्यावरून समजलं. दुकानात नमुन्यांच्या पुस्तकांचे ढीग आहेत, पण ज्याच्यात्याच्या डोक्यावर दिसते तसली टोपी तुला कशाला? मी स्वतः ड्रॉइंग करणार आहे. चौकटीचा कागद आणलाय, एक चौकट म्हणजे एक टाका. वीणही ठरलीय. केसभर जाडीही मोजणाऱ्या मायक्रोमीटरच्या मुठीवर बारीक तिरकी जाळी असते, हात घसरू नये म्हणून लेथवर पाडतात, नर्लिंग म्हणतो आम्ही. लहानपणी वर्कशॉपला आलीस की तू ती मूठ अंगठ्याने घासत बसायचीस. तीच जाळी लोकरीत आणायची. शेजारशेजारचे टाके एकमेकांवरून तिरके नेले की जमतं, छोटा तुकडा करून बघितलाय.

आणि मागे एक जागा सोडणार आहे, बोटभर लांबीची फट. तुझी ती उंच बांधलेली शेपटी त्यातून बाहेर येईल. शाळेत टोपी घालून पाठवलं की केस दबतात म्हणून तू ती कोपऱ्यावर काढून दप्तरात कोंबायचीस. आता तसं व्हायचं नाही. अशी जागा मी कुठल्या पुस्तकात पाहिलेली नाही, हे माझं डोकं.

त्या लग्नातल्या गोष्टीबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. ते वेगळं, हे वेगळं. फक्त आकडा कळव.

बाबा

२९ नोव्हेंबर

ठमे,

आकडा आला नाही. पोस्टाचा घोळ असेल असं मी आईला म्हटलं. ती म्हणाली, पत्र मिळालं म्हणत होती. आणखी काय म्हणत होती ते विचारायचा धीर झाला नाही आणि तिनेही आपण होऊन सांगितलं नाही.

मग माळ्यावरून तुझं स्कूटरचं हेल्मेट काढलं, आतला घेर मोजला आणि कामाला लागलो. टोपी झाली. घालून बघितली तर माझ्या नाकापर्यंत आली, आणि माझं डोकं तुझ्यापेक्षा मोठं आहे हे तूच मला कितीदा ऐकवलं आहेस.

चूक कुठे झाली ते सांगतो, तेवढीच तुझी करमणूक. मी जन्मभर लोखंड कापलं. दांडा भोकात बसवायचा तर भोक केसभर मोठं ठेवावं लागतं, नाहीतर दांडा आत जाणारच नाही. ही सूट हाताला इतकी बसलीय की डोक्याचा घेर घेतला आणि कुणाला न विचारता वर सूट देऊन मोकळा झालो. बाईंनी टोपी हातात घेतली, ताणली, सोडली आणि बाकीच्या बायकांना दाखवून म्हणाल्या, ही डोक्यावर बसणार नाही, डोकंच हिच्यात राहायला जाईल. बायका पोट धरून हसल्या. मग त्यांनी नीट समजावलं. लोकर ताणते, म्हणून टोपी डोक्यापेक्षा लहान विणायची, तरच ती डोकं धरून राहते. म्हणजे सूट द्यायची नाही, उलट घ्यायची. टर्नर सोडून ही चूक दुसरं कोणी करणार नाही असं मी म्हटलं, तर एक आजी म्हणाल्या, चूक कुणीही करतं, पण इतकी मापात फक्त तुम्हीच केलीत.

सगळी उसवली. लोखंडात एकदा जास्त कापलं की तुकडा भंगारात जातो. लोकरीचा गुंडा करून पुन्हा सुरुवात करता येते, हे मला फार आवडलं.

बाईंनी मला पहिल्या दिवशी उजेडासाठी खिडकीतली खुर्ची दिली होती. मी आता आतल्या कोपऱ्यातली धरतो. त्या खिडकीतून सगळा रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून आतलं सगळं. वर्कशॉप सुटलं की आमची माणसं तिथूनच जातात. त्यांना मी सांगितलंय की शनिवारी खांद्याला शेक घ्यायला जातो. त्यात तसं खोटं काही नाही, खांदा दुखतोच. वेल्डर दर सोमवारी विचारतो, शेक लागू पडतोय का, आणि मी हात थोडा वर करून दाखवतो. वेल्डर म्हणजे तोच, तुला खांद्यावर घेऊन क्रेन दाखवायचा तो. परवा म्हणाला, बराच वर जातो की आता.

हेल्मेटच्या मापातून चांगली दोन बोटं कमी करून पुन्हा टाके घातलेत. मागची जागाही वर सरकवली, पहिल्या टोपीत ती मानेवर आली होती. मोजे पुरेसे आहेत का ते निदान आईला सांग.

बाबा

२० डिसेंबर

ठमे,

एक गंमत झाली.

जाळीचा कोन बरोबर आलाय की नाही ते खऱ्या मुठीशी ताडून बघावं म्हणून टोपी, शेंडा मिटवायचा राहिलेली, वर्कशॉपला नेली होती. अवजारांच्या खणात, फडक्याखाली ठेवली होती. जेवणाच्या सुट्टीत वेल्डरला कानस हवी होती, त्याने माझा खण उघडला. मी हात धुऊन येतो तर टोपी त्याच्या डोक्यावर, मागच्या जागेतून बाहेर काढलेलं बोट तो शेपटीसारखं हलवतोय आणि सगळे भोवती गोळा झालेले.

"मायक्रो, ही कुणाची रे?" तिथे मला मायक्रो म्हणतात, मायक्रोमीटरवरून.

मी म्हणालो, "घरच्यांनी विणलीय."

मला विचारसुद्धा करावा लागला नाही. तोंडातून असं सहज आलं, जसं काही खरंच तसं होतं. मग वेल्डरने टोपी काढून उजेडात धरली आणि म्हणाला, अरे, हे तर नर्लिंग आहे, वहिनींना नर्लिंग कुठून माहीत? मी म्हटलं, ड्रॉइंग मी काढून दिलं. एवढं तरी खरं बोललो म्हणून त्या वेळी मला बरंदेखील वाटलं. मागचं भोक कशाला, तर मुलीच्या केसांसाठी, असं सांगितलं. फोरमनने तुझी चौकशी केली. मी म्हटलं, बरं चाललंय.

खरी गंमत पुढे आहे. आमचं छत पत्र्याचं, या दिवसांत डोकं बधिर होतं. वेल्डर म्हणाला, वहिनींना सांग, मलाही एक. मग स्टोअरकीपर म्हणाला, मलाही. संध्याकाळपर्यंत फोरमनही येऊन गेले, त्यांना करडी हवीय, कानावर दुहेरी येईल अशी. विचारून बघतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, हो म्हणतेय.

तेव्हापासून विणतोय. त्यांच्या टोप्यांना मागची जागा ठेवलेली नाही, तेवढी बंद केली. खालची पट्टी दोन टाके सुलट, दोन उलट, ती जास्त रुंद घेतली. बाकी तुझाच नमुना. नवा काढायला सवड नव्हती.

आईला वाटतं मी बाईंच्या दुकानासाठी विणतोय. तिला काही बोलू नकोस. उगाच डोक्यात राख घालून घेईल.

बाबा

१७ जानेवारी

ठमे,

तुझी टोपी अजून तशीच अर्धवट आहे. रोज ठरवतो की आज घ्यायची, आणि रोज कुणाची तरी दुसरी पुढे येते.

वर्कशॉपमध्ये आता जिकडे बघावं तिकडे माझी जाळी. लेथवर वाकलेली, क्रेनखाली उभी, चहाच्या बाकावर. कुणी म्हणतं वहिनींचा हात काय सफाईदार आहे, कुणी म्हणतं तू नशीबवान. पहिले काही दिवस मनातून गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला सांगू. आता ती जाळी दिसली की मी दुसरीकडे बघतो. ती मी एका माणसासाठी काढली होती. जिच्यासाठी काढली ती सोडून सगळ्यांना वाटली, आणि वाटली तीही दुसऱ्याच्या नावाने.

एक गोष्ट मी मागच्या पत्रात गाळली. फोरमनने तुझी चौकशी केली एवढंच लिहिलं होतं. त्यांनी विचारलं होतं, "मुलगी अजून त्याच ऑफिसात ना?" आणि मी म्हणालो होतो, "हो, तिथेच."

त्या लग्नात तू माझ्या शेजारी उभी होतीस. नवरीचे केस सकाळपासून बसून तूच बांधले होतेस, सगळा हॉल त्याबद्दल बोलत होता. नवऱ्या मुलाच्या काकांनी मला विचारलं, मुलगी काय करते? आणि मी म्हटलं, ऑफिसात असते. तुझ्या दातांत चार पिना होत्या. तू त्या एकेक करून काढल्यास, डबीत ठेवल्यास, डबीचं झाकण लावलंस. बोलली काहीच नाहीस. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, तिने मनावर घेतलं नाही. यावरून कळेल की माझं लक्ष कुठे होतं.

तेव्हा मला वाटलं होतं की लोकांनी नाकं मुरडू नयेत म्हणून बोललो, हिशेब शिकलेली मुलगी पुरुषांच्या सलूनमध्ये कात्री धरते हे त्यांच्या गळी उतरणार नाही म्हणून बोललो. पण फोरमनला काय घाबरायचं होतं? माझ्या हातची टोपी मागायला ते त्याच संध्याकाळी माझ्याकडे आले होते. ते नाक मुरडणार नव्हते, आणि मुरडलं असतं तरी माझं काय जाणार होतं? मला लाज वाटते, ठमे. ती आधी कुणाची वाटत होती ते मला नीट सांगता यायचं नाही, पण आता माझीच वाटते.

या महिन्याच्या अखेरीला मी रिटायर होतोय. कँटीनमध्ये छोटा समारंभ आहे. त्यांनी आईला आग्रहाने बोलावलंय. तिला वाटतंय बायको म्हणून बोलावलं. त्याआधी मी तिला सगळं सांगणार आहे. नक्की सांगणार.

बाबा

१ फेब्रुवारी

ठमे,

सांगितलं नाही.

रोज आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. समारंभाच्या सकाळी ती माझा शर्ट इस्त्री करत होती, तेव्हा तोंड उघडलंही. तिने विचारलं, काय? मी म्हटलं, कॉलर जरा कडक कर.

कँटीनमध्ये शिरलो तर सगळे टोप्या घालून बसलेले. फोरमनची कल्पना. पांढरी, करडी, निळी, रांगेने माझी जाळी. आई दारातच थांबली. दोन महिने ती जाळी तिने माझ्या मांडीवर बघितली होती. तिला काय ते लगेच कळलं नसेल, पण काहीतरी कळलं. पुढे होऊन बसली.

मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. मग फोरमन म्हणाले, आता खरा सत्कार. आमच्या सगळ्यांची डोकी ज्यांनी हिवाळाभर गरम ठेवली त्या वहिनींनी पुढे यावं. त्यांनी तिला लाकडी पेटी दिली, आत सगळ्या मापांच्या विणायच्या सुया. तिने पेटी घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

ती थांबली. ती माझ्यासाठी थांबली होती, हे मला तेव्हाच कळलं होतं, आता बसून लावलेला अर्थ नाही. मी उठून एक वाक्य बोलायचं होतं. सगळे आपलेच होते, कुणी खायला उठणार नव्हतं. एवढ्यात वेल्डरने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. आणि मीही वाजवल्या. तुझ्या आईकडे बघत, हसत, मी टाळ्या वाजवल्या.

वहिनी, दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. ती माईकपाशी गेली आणि म्हणाली, "गरम पाण्याने धुऊ नका. पिळू नका. सपाट ठेवून वाळवा." हे सगळं तिने माझ्याच तोंडून ऐकलेलं. लोकांना फार आवडलं. मला वाचवून ती जागेवर येऊन बसली.

चालत निघालो. पेटी तिने मला घेऊ दिली नाही. वाटेत तिने विचारलं, "पोरीला माहीत होतं?"

"मी लिहिलं होतं तिला."

"आणि मला सांगू नको असं लिहिलं असणार."

मी हो म्हटलं.

"दर रविवारी बोलते माझ्याशी. एक अक्षर बोलली नाही." आणि मग, "तेव्हा तिचं काम लपवलंत, आता स्वतःचं लपवलंत. तुम्हाला नक्की कशाची लाज वाटते ते एकदा ठरवा, म्हणजे आम्हाला वागायला सोपं जाईल."

ठमे, हे मला तिने सांगेपर्यंत दिसलं नव्हतं. त्या लग्नात तू माझ्या खोट्याशेजारी गप्प उभी राहिलीस. आणि या वेळी मी तुला एवढ्या लांबून पुन्हा तिथेच उभं केलं, पत्र पाठवून, वर सांगू नको म्हणून बजावून. आणि तू पुन्हा गप्प राहिलीस. मी माझ्याशी न बोलणाऱ्या मुलीकडे एवढी एकच गोष्ट मागितली आणि तीही अशी. आकडा सोडून.

कोपऱ्यावर आल्यावर आईने विचारलं, मागे ती जागा सोडत होतात ना, कशासाठी? मी म्हटलं, तिच्या शेपटीसाठी.

"तिचे केस कानाच्या वर आहेत. तिकडे गेली त्याच आठवड्यात स्वतःच्या हाताने कापले. दोन वर्षं होतील."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही घेर विचारलात."

मग तिने ती पेटी माझ्या हातात दिली.

बाबा

९ फेब्रुवारी

ठमे,

कपाटाची किल्ली परत करायची राहिली होती, म्हणून सोमवारी वर्कशॉपला गेलो. मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत गेलो. वेल्डरला म्हटलं, त्या टोप्या मी विणल्यात. तो म्हणाला, काय चेष्टा करतोस. पुन्हा सांगितलं. तो बाकीच्यांना म्हणाला, मायक्रो रिटायर झाल्या झाल्या बिघडला बघा. मी इतकं बेमालूम खोटं बोललो होतो की खऱ्याला कुणी उभं करेना.

पिशवीत तुझी टोपी होती. ती काढली, बाकावर बसलो आणि विणायला लागलो. सुरुवातीलाच टाका सुटला, तो उचलायला गेलो तर आणखी एक सुटला. डबे उघडे तसेच राहिले. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मी पूर्ण एक फेरा विणला, वर न बघता. मग वेल्डरने डोक्यावरची टोपी काढली, आतून बाहेरून बघितली आणि विचारलं, "शनिवारचा शेक हाच का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "आणि मी इतके दिवस तुझ्या खांद्याची काळजी करत होतो." त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्याबद्दल मी त्याची माफी मागितली.

फोरमनने विचारलं, म्हणजे त्या दिवशी वहिनी? मी म्हटलं, तिला तुमच्या टोप्यांचं काही माहीत नव्हतं, सत्कार घेताना कळलं.

मग मी म्हटलं, आणि माझी मुलगी ऑफिसात नाही. ती सलूनमध्ये आहे, पुरुषांचे केस कापते. चार वर्षं झाली, इथे होती तेव्हाही तेच करत होती. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला, पलीकडच्या बाकावरचेही वळले. कुणाच्या तोंडचा घास पडला नाही. स्टोअरकीपरने जेवायला सुरुवात केली. वेल्डरने विचारलं, "दाढीही करते का?"

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत सगळ्या जगापासून तुझं काम लपवलं आणि ते काम काय आहे हेच मला माहीत नव्हतं. तू दाढी करतेस का, उभी किती वेळ राहतेस, कात्री कुठली वापरतेस, धार कोण लावून देतं. तू सलूनमध्ये आहेस हे सांगण्यापेक्षा "माहीत नाही" म्हणताना मला जास्त लाज वाटली. कान इतके तापले की थंडी कळली नाही. मला वाटलं होतं की एकदा बोलून टाकलं की ही लाज जाते. नाही जात. पण आता निदान ती माझ्याजवळ आहे, दुसऱ्या कुणाच्या अंगावर टाकलेली नाही.

घरी आलो आणि टोपी पुन्हा मुळापासून उसवली. ती जी होती ती मला आठवणाऱ्या मुलीची होती. आईला तुझ्याबद्दल विचारायला बसलो, पेपर बाजूला ठेवून. तिने सांगितलं, मी ऐकलं. मिक्सर लावला नाही. बाई म्हणाल्या, केस बारीक असतील तर घेर आणखी कमी लागतो आणि मागे मानेवर पट्टी खाली यायला हवी, तिथे वारा लागतो. शनिवारी मी खिडकीतल्या खुर्चीत बसलो होतो. त्यात माझी काही मोठी बहादुरी नाही, रस्त्यावरून कुणी आत बघत नाही हे तिथे बसल्यावर कळलं.

नवं ड्रॉइंग केलंय. मागे जागा नाही, नर्लिंगही नाही. ती जाळी आता अर्ध्या वर्कशॉपची झाली, ती तुला देता येत नाही. साधी वीण घेतलीय, तिरकी, एका बाजूने चढत जाणारी, कात्रीच्या उघड्या पात्यांवरून सुचली. बरी दिसते की नाही ते तू सांगायचं. खालचा भाग झालाय. वरचे टाके कमी करत आणून मिटवायचे राहिलेत. ते मी आता अंदाजाने मिटवणार नाही.

आकडा पाठवू नकोस. मी येतोय. आईला म्हटलं, तिच्या सलूनचा पत्ता दे. तिने लगेच दिला, तिला तो पाठ होता. अठरा तारखेला दुपारी पोचेन. घरी येणार नाही, सलूनमध्ये येईन. बाकावर माझी पाळी येईपर्यंत बसेन, मला आधी घेऊ नकोस. यायला नको असेल तर आईला सांग. ती मला सांगेल, तेवढं करायला ती तयार झालीय.

माझे केस कानावर आलेत. ते तू काप, जसे कापायचे असतील तसे. शेजारच्या खुर्चीतला माणूस किंवा तुझे मालक विचारतील, हे कोण. मी काही बोलणार नाही. कुणाबद्दल काय सांगायचं हे आजवर मीच ठरवत आलो, या वेळी तू ठरव. वडील आहेत म्हणालीस तर मी त्यांना नमस्कार करेन. गिऱ्हाईक आहे म्हणालीस तर केस कापून होईपर्यंत मान हलवणार नाही, आणि गिऱ्हाइकासारखा उठून जाईन.

बाबा